पिप म्हणतंय, काहीच बिघडलेलं नाही

बायो, काल रात्री पावणेबाराला तुझा फोन आला तेव्हा मी उरलेलं दूध फ्रिजमध्ये ठेवत होते. "ताई, अख्खं एन्व्हायर्नमेंट उडवून परत टाकलं गं, तिसऱ्यांदा," एवढं बोललीस आणि पुढे नुसतं नाक ओढणं. मी "झोप आधी" म्हणून फोन ठेवला, त्याचा राग आला असेल तर येऊ दे. रडवेल्या माणसाला रात्री बारा वाजता व्हर्जन समजावता येत नाहीत. आत्ता दुपार आहे, मुलं शाळेत आहेत, माझा साडेतीनपर्यंत एकही कॉल नाही. चहा करून घे आणि बस.

पहिली गोष्ट, यात तुझ्या अकलेचा काही संबंध नाही. दहा पॅकेजेस, प्रत्येकाच्या दहा-वीस आवृत्त्या, आणि प्रत्येक आवृत्तीच्या वेगळ्या अटी. या सगळ्यांतून एकमेकांना चालेल असा एकच संच निवडायचा हा प्रश्न संगणकशास्त्रात एनपी-कम्प्लीट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अवघड जातीचा आहे. तू तो थंड डोसा खात, डोळे चोळत सोडवायला बसली होतीस.

आता तू पाठवलेला स्क्रीनशॉट. चारच ओळी आहेत त्यात, आणि त्याही शेवटच्या. पण नशिबाने कामाची ओळ त्यात आली आहे. पांडाज इम्पोर्ट करताना आलेला व्हॅल्यू एरर: नमपाय-डीटाइपचा आकार बदललाय, सी हेडरप्रमाणे ९६ अपेक्षित होते, हातात ८८ आले. तू म्हणालीस, "काहीतरी बायनरीचं आहे, मला नाही कळत." कळतं गं तुला. आईच्या मांडणीवरचे स्टीलचे डबे आठव. एकाच दुकानातले, एकाच कंपनीचे, पण दहा वर्षांच्या अंतराने घेतलेले. जुन्या डब्याचं झाकण नव्यावर ठेवलं की वरवर बसल्यासारखं वाटतं आणि उचलायला गेलं की हातात नुसतं झाकण येतं. पांडाजचा बराचसा भाग आधीच कम्पाइल होऊन, तयार होऊन येतो. तो तयार करताना नमपायच्या एका अंतर्गत रचनेचं माप घेतलेलं असतं, ९६ बाइट. नमपाय २ मध्ये ती रचना बदलली आणि ८८ बाइटची झाली. झाकण ९६ चं, डबा ८८ चा. म्हणजे पांडाज जुनं, नमपाय नवं. उलटं नाही. ही दिशा त्या दोन आकड्यांतच लिहिलेली होती आणि तू मात्र पांडाज तीनदा काढून तीनदा तेच परत टाकत बसलीस.

नवं नमपाय आलं कुठून, ते तुला आठवत नाही म्हणालीस. मला अंदाज आहे. शुक्रवारी तू बिलांचे वाकडेतिकडे फोटो सरळ करायला ओपनसीव्ही टाकलंस ना? ४.१२? त्या वेळी टर्मिनलवर जे भराभर वर सरकून गेलं, त्यात एक ओळ होती: नमपाय १.२६.४ यशस्वीरीत्या अनइन्स्टॉल केलं. आणि तिच्याखाली नवं २.२ टाकल्याची. ती ओळ कुणीच वाचत नाही. मीही वाचायचे नाही. ओपनसीव्ही ४.१२ जुलै २०२५ मध्ये आलं आणि त्याची अटच अशी आहे की नमपाय किमान २ हवं आणि २.३ च्या खाली हवं. पिपने आज्ञाधारकपणे जुनं काढलं, नवं बसवलं.

मग तू विचारशील, पिपने तेव्हा पांडाजला का नाही विचारलं? विचारलं की! तुमच्या प्रोजेक्टमध्ये पांडाज १.५.३ आहे, जानेवारी २०२३ चं. त्याने आपल्या अटीत एवढंच लिहून ठेवलंय की पायथन ३.१० असेल तर नमपाय १.२१ किंवा त्यापुढचं काहीही चालेल. काहीही! त्या बिचाऱ्यांना तेव्हा काय ठाऊक की जून २०२४ मध्ये नमपाय २.० येणार आणि मापंच बदलणार. १.० आलं होतं २००६ साली. अठरा वर्षं पहिला आकडा हललाच नव्हता, तर तो हलेल अशी भीती कुणी बाळगावी? पुढच्या पांडाजवाल्यांनी शहाणपणा करून 'दोनच्या खाली' अशी वरची मर्यादा घातली आणि २.२.२ पासून नमपाय २ शी जुळवूनही घेतलं. पण जुन्या आवृत्तीवर जे लिहिलंय ते लिहिलंय. ते कुणी मागे जाऊन खोडत नाही.

म्हणून तू 'पिप चेक' चालवलंस तेव्हा त्याने तुला काय सांगितलं? काहीच बिघडलेलं नाही. आणि तू त्यावर विश्वास ठेवून पुढचे दोन तास स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधलीस. बायो, पिप चेक म्हणजे तलाठ्याकडचा सातबारा. आपल्या वाडीतल्या त्या वरच्या आगराचं काय आहे, माहीत आहे ना तुला? सातबाऱ्यावर नाव एकाचं, नारळ वर्षानुवर्षं उतरवतो दुसराच. तलाठ्याला विचारलंस तर तो म्हणेल सगळं व्यवस्थित आहे, आणि त्याच्या कागदापुरतं ते खरंही आहे. पिप कागद वाचतं. झाकण बसतंय का, हे ते हात लावून बघत नाही. ते तुलाच बघायचं, पांडाज एकदा इम्पोर्ट करून.

आता याची दुसरी बाजू. सकाळी तू फाइलमध्ये 'नमपाय<२' लिहिलंस, ओपनसीव्ही ४.१२ वर पिन केलेलंच ठेवलंस, आणि पिपने तांबड्या अक्षरात रिझोल्यूशन इम्पॉसिबल म्हणून हात वर केले. तो मेसेज बघून तू घाबरलीस. मला तर तो आदल्या रात्रीच्या एररपेक्षा शंभर पटीने प्रेमळ वाटतो. कारण त्यात भांडण कुणाकुणाचं ते नावानिशी लिहिलेलं असतं: वापरणाऱ्याने मागितलं नमपाय<२, ओपनसीव्ही ४.१२ ला हवं नमपाय>=२. दोनच ओळी. वादी आणि प्रतिवादी. एवढ्यावरून तुला पुढचा प्रश्न पडायला हवा, की या दोघांपैकी खरोखर अडलेला कोण आणि उगीच अडून बसलेला कोण?

हा प्रश्न तू विचारला नाहीस. तू 'नो-डेप्स' लावून ओपनसीव्ही तसंच कोंबलंस. आणि ते चाललंही, नाही का? त्याचीच मला भीती वाटते.

माझ्या पहिल्या नोकरीतली गोष्ट सांगते, तुला कधी सांगितली नाही. कंपनीचं नाव राहू दे. तेव्हाचं पिप आजच्याहून भोळं होतं. दोन पॅकेजेसच्या अटी जुळल्या नाहीत तर जी आधी समोर आली ती मानायचं, फार तर एक तांबडी ओळ छापायचं आणि पुढे जायचं. अटी नीट ताडून बघणारा नवा रिझॉल्व्हर आला तो २०२० च्या नोव्हेंबरात, २०.३ मध्ये. तर त्या भोळ्या पिपलाही मी नो-डेप्स लावून गप्प केलं होतं. टेस्ट चालल्या, डेमो झाला, सिनियरने पाठ थोपटली. पण महिनाअखेरीचा अहवाल काढणारं जे एक फंक्शन होतं, त्याच्या पोटातच एक इम्पोर्ट होता. तो महिन्यातून एकदाच चालायचा. ३१ मार्चला संध्याकाळी सात वाजता तो चालला आणि कोसळला. नेमका ३१ मार्च! हिशेबखात्यातली चार माणसं जेवायची थांबलेली आणि मी त्यांच्यासमोर टर्मिनल उघडून. सगळ्यांत वाईट काय वाटलं सांगू? मी काही आठवड्यांपूर्वी काय केलं होतं ते मलाच आठवेना. रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये एक अक्षर लिहून ठेवलं नव्हतं. दीड वाजता घरी गेले, रिक्षावाल्याने दुप्पट पैसे घेतले.

तर नो-डेप्स आधी मागे घे. मग ओपनसीव्हीला विचार, तुला नमपाय २ खरंच हवं का? ४.१२ म्हणतं हवं. पण त्याच्या आधीचं ४.११, जानेवारी २०२५ चं, ते नमपाय १.२६ वर सुखाने चालतं. तुला करायचंय काय, तर फोटो करडा करायचा, कडा शोधायच्या, चार कोपरे धरून कागद सरळ करायचा. हे ओपनसीव्ही कितीतरी वर्षांपासून करतंय. ४.१२ मध्ये असं काय आहे जे तुला हवंय? काही नाही, फक्त ते सगळ्यांत नवं होतं. ही सवय आपल्या सगळ्यांना असते, बाजारात गेल्यावर ताजी जुडी उचलावी तसं. पण पॅकेज म्हणजे मेथी नव्हे.

आणि पांडाजला विचार, तुला जुनंच राहायचंय का? इथे खरी अडचण आहे. तुमच्या जुन्या स्क्रिप्टमध्ये डेटाफ्रेमचं अपेंड जागोजागी वापरलंय, तूच दाखवलं होतंस. ते १.४ मध्ये 'आता वापरू नका' म्हणून जाहीर झालं आणि २.० मध्ये, एप्रिल २०२३ ला, काढूनच टाकलं. पांडाज वर नेलंस की ती प्रत्येक जागा कॉन्कॅटने बदलावी लागणार, आणि अपेंड लूपमध्ये असेल तर नुसतं शोधा-बदला करून भागणार नाही. म्हणजे पांडाज खरोखर अडलेलं आहे, ओपनसीव्ही उगीच. आज माघार ओपनसीव्हीने घ्यायची. नमपाय १.२६.४, पांडाज १.५.३, ओपनसीव्ही ४.११. एवढंच.

पण हे आजचं झालं. पांडाजचं काम टाळत राहिलीस तर दर महिन्याला नवं कुणीतरी नमपाय २ मागत दारात उभं राहणार. तेव्हा लीडला आजच सांग, की हे तात्पुरतं आहे आणि अपेंड काढायचं वेगळं तिकीट हवं. दिवस विचारले तर घाईने 'उद्या करते' म्हणू नकोस. आधी किती जागी आहे ते मोज. 'बत्तीस जागी आहे' असं म्हटलंस की समोरचा माणूस आपोआप नीट बोलायला लागतो, हा माझा अनुभव.

एक राहिलंच. तू म्हणालीस, मधेच कधीतरी पिप दहा मिनिटं नुसतं डाउनलोड करत बसलं, एकाच पॅकेजच्या आवृत्त्या एकामागोमाग. आणि शेवटी सी कम्पायलर नाही म्हणून एरर दिला, म्हणून तू कम्पायलर शोधायला निघालीस. थांब. पिपला जुळणारी जोडी सापडत नाही तेव्हा ते एकेक पायरी मागे उतरतं, अजून जुनं, अजून जुनं. उतरता उतरता अशा आवृत्तीपर्यंत पोचतं जिची तुझ्या पायथनसाठी तयार फाइलच नाही, मग ती मूळ कोडपासून बांधायला घेतं आणि तिथे कोसळतं. तुला दिसतो तो या तिसऱ्याच ठिकाणचा एरर. कम्पायलर टाकून उपयोग नाही, वर सरकवत जा आणि ते मागे उतरायला लागलं कुठे ते बघ. त्यातलाच एक प्रकार म्हणजे नवा लॅपटॉप. त्यावर पायथन ३.१२ असेल तर पांडाज १.५.३ ची तयार फाइल मिळणारच नाही, ती ३.११ पर्यंतच आहे. पायथनची आवृत्ती हीसुद्धा एक अटच आहे आणि ती बरेचदा कुणीच कुठे लिहिलेली नसते. तुमच्या रीडमीमध्ये आहे का? नसणार.

हाताला लावून घ्यायच्या सवयी मी तुला फार सांगणार नाही, कारण मलाच सगळ्या पाळता येत नाहीत. पण इन्स्टॉल करण्याआधी 'ड्राय-रन' लाव. पिप २२.२ पासून ते आहे. काहीही न टाकता ते सांगतं की मी काय काय टाकेन. शुक्रवारी हे केलं असतंस तर 'नमपाय २.२' हे शब्द तुझ्या डोळ्यांसमोर स्थिर उभे राहिले असते. दुसरं, पिप-डेप-ट्री टाकून घे आणि झाड उलटं बघ. म्हणजे नमपायपासून सुरुवात करून, त्याला कोण कोण धरून बसलंय आणि कुठल्या अटीवर. सरळ झाड लांबलचक असतं, उलट्या झाडात नेमकं भांडण दिसतं.

आणि फाइली दोन ठेव. एकीत फक्त तू स्वतः हौसेने मागितलेली पाच-सहा नावं, आणि प्रत्येक विचित्र अटीपुढे शेरा: 'ओपनसीव्ही ४.११ वर, कारण ४.१२ ला नमपाय २ लागतं आणि पांडाज १.५.३ ला ते चालत नाही. पांडाज वर गेलं की काढणे.' दुसरी पिप-कम्पाइलने काढलेली, सगळ्या नातेवाइकांसकट, नेमक्या आकड्यांची. सर्व्हरवर दुसरी जाते. पहिली माणसांनी वाचायची. यूव्ही वापरलंत तर हेच काम डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच होतं, पण नवं हत्यार या आठवड्यात आणू नकोस, एका वेळी एकच गोष्ट हलव. पिप फ्रीझची यादी पहिल्या फाइलच्या जागी ओतणारे लोक असतात ना, त्यांना सहा महिन्यांनी विचार की यातलं आपण काय मागितलं होतं आणि काय मागून आलं. सांगता येत नाही.

सर्व्हरवरून आठवलं. तिथे स्क्रीन नाही, त्यामुळे साधं ओपनसीव्ही टाकलंस तर लिब-जीएल सापडत नाही म्हणून रडेल. मग कुणीतरी सांगेल हेडलेस टाक, आणि तू साध्याच्या शेजारी तेही टाकशील. तसं करू नकोस. दोन्ही पॅकेजेसची नावं वेगळी, पण दोन्ही 'सीव्ही२' नावाच्या एकाच फोल्डरमध्ये संसार थाटतात आणि एकमेकांच्या फाइली पुसतात. पिप चेक इथेही म्हणेल, सगळं छान! पुन्हा सातबारा. दोन्ही काढ, मग एकच टाक.

तुझी रूममेट म्हणाली ना, 'आमच्याकडे नोडमध्ये असलं काही होत नाही'? तिला म्हणावं, होतं. तुमच्याकडे एकाच पॅकेजच्या दोन आवृत्त्या वेगवेगळ्या फोल्डरांत सुखाने नांदू शकतात, पायथनच्या एका एन्व्हायर्नमेंटमध्ये एकच. पण रिअॅक्टच्या दोन प्रती एका पानावर आल्या की हुक्स बिनसतात, तेव्हा कळतं. आणि एनपीएम ७ पासून तो लांबडा ई-रिझॉल्व्ह एरर आला की ती 'लेगसी-पीअर-डेप्स' लावून मोकळी होते का, ते विचार. हो म्हणाली तर तिलाही ३१ मार्चची गोष्ट सांग.

बरं, आता प्रत्यक्ष. सध्याचं एन्व्हायर्नमेंट उडवू नकोस, तसंच राहू दे, त्यात पुरावा आहे. शेजारी नवं कर, पायथन ३.१० वरच. आधी नमपाय आणि पांडाज, मग इम्पोर्ट करून बघ. मग ओपनसीव्ही ४.११, पुन्हा दोन्ही इम्पोर्ट. मग एक खरा फोटो, ते उडुप्याचं हळदीचा डाग पडलेलं बिल घे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालव. आणि तुमच्या कोडमध्ये फंक्शनच्या पोटात लपलेले इम्पोर्ट आहेत का, ते शोधून तेवढे वेगळे चालवून बघ.

झालं की उलटं झाड मला पाठव. स्क्रीनशॉट नको गं बाई, मजकूर कॉपी करून पाठव, आणि पहिल्या ओळीपासून. साडेतीनचा कॉल वाजतोय. रात्री जेवण झालं की फोन कर, अकराच्या आत.